गाडी उलाळ होऊ देऊ नका: टूरिंग मोटारसायकलमागे छोटा ट्रेलर कसा ओढावा

कडब्याची गाडी भरून झाली की बैल जुंपायच्या आधी माझे आजोबा पुढे जाऊन जू हाताने उचलून बघायचे. जू अलगद वर आलं तर गाडी ‘उलाळ’ झाली, म्हणजे भार मागे गेला. जोर लावूनही हलेना तर ‘धुरजड’ झाली, म्हणजे बैलांच्या मानेवर ओझं येणार. मग चार पेंढ्या मागच्या पुढे किंवा पुढच्या मागे करायच्या आणि पुन्हा उचलून बघायचं. हे मी लहानपणी कितीदा तरी पाहिलं होतं. पण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राहायला आल्यावर माझ्या होंडा गोल्ड विंग या टूरिंग मोटारसायकलमागे पहिल्यांदा ट्रेलर लावला, तेव्हा ते मला आठवलं नाही.

ट्रेलरचं झाकण मागून उघडत होतं. त्यामुळे जे शेवटी हाताला लागलं ते मागे गेलं: बर्फाने भरलेला कूलर, बिडाचा तवा, तांदळाची दहा किलोंची पिशवी. ॲशव्हिल शहराकडे जाताना ताशी ६० मैलांना हँडल हातात वळवळायला लागलं. आरशात बघितलं तर ट्रेलर डावी-उजवीकडे डुलत होता आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होता. मागे बायको बसलेली. ब्रेक न दाबता थ्रॉटल हळूहळू सोडत गेलो. चाळीसच्या आसपास झोके विरले. पुढच्या थांब्यावर ट्रेलर सोडवला आणि त्याचा पुढचा, गाडीला जोडायचा दांडा उचलून बघितला. दोन बोटांवर उठला.

त्यानंतर बरीच वर्षं मी दर उन्हाळ्यात ट्रेलर घेऊन फिरतो. इथे काय तपासायचं, कसं भरायचं, कसं चालवायचं ते क्रमाने सांगतो. सगळ्यात जास्त वेळ भरण्यावर घालवणार आहे, कारण तिथे चुकलं तर पुढचं कौशल्य फारसं कामाला येत नाही.

आधी मॅन्युअल आणि कायदा

ट्रेलर विकत घेण्याआधी तुमच्या गाडीचं मॅन्युअल उघडा. होंडा गोल्ड विंगच्या मॅन्युअलमध्ये ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही असा इशारा आहे. हार्ले-डेव्हिडसनही मोटारसायकलमागे ट्रेलर लावू नका असंच सांगते. टायरवर जादा भार येतो, ब्रेक कमी पडतो, तोल बिघडतो, ही त्यांची कारणं आहेत आणि ती खरी आहेत. तरी अमेरिकेत हजारो लोक या गाड्यांना दुसऱ्या उत्पादकांची हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी आधार, लावून ट्रेलर ओढतात, मीही ओढतो. पण हा निर्णय आपला असतो आणि जबाबदारीही आपलीच असते. वॉरंटीवर काय परिणाम होईल ते डीलरला आणि अपघातात ट्रेलर धरला जाईल का ते विमा कंपनीला विचारा, आणि दोन्ही उत्तरं लेखी घ्या. ज्यांना कंपनीची परवानगी असलेलीच गाडी हवी, त्यांनी कॅन-ॲम स्पायडर आरटीसारख्या तीनचाकीचा विचार करावा.

अमेरिकेत नंबरप्लेट, दिवे, वेग यांचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, शेजारच्या राज्यात वेगळं असू शकतं. वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम निघण्याआधी बघा. ब्रिटनचे नियम मला सगळ्यात नेमके वाटतात. तिथे मोटारसायकलचं इंजिन १२५ सीसीपेक्षा मोठं हवं. ट्रेलरची रुंदी १ मीटरपेक्षा जास्त नको. मोटारसायकलच्या मागच्या आसापासून ट्रेलरच्या शेपटापर्यंत अंतर २.५ मीटरच्या आत हवं. आणि भरलेल्या ट्रेलरचं वजन १५० किलो किंवा मोटारसायकलच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यातलं जे कमी असेल त्याच्या आत हवं. तुम्ही कुठेही राहत असलात तरी हे आकडे स्वतःसाठी कमाल मर्यादा म्हणून धरा.

भारतातल्या वाचकांसाठी एकच सूचना. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. गल्लीतल्या वेल्डरकडून हिच ठोकून घेऊन लडाखला निघू नका. आधी आरटीओत विचारा.

ट्रेलर निवडताना

रिकाम्या ट्रेलरचं वजन जितकं कमी तितकं बरं. शंभर किलोंचा रिकामा ट्रेलर घेतला तर सामानाला जागा असूनही वजनाला वाव उरत नाही. बसका आणि अरुंद ट्रेलर घ्या, वारा कमी लागतो आणि तो आरशात दिसतो.

चाकाचा आकार लोक बघत नाहीत, पण तो महत्त्वाचा आहे. आठ इंची रिमच्या टायरचा परीघ साधारण १.३ मीटर. ताशी १०० किलोमीटरला ते चाक मिनिटाला जवळपास १,३०० फेरे घेतं. त्याच वेगाला गोल्ड विंगचं मागचं चाक साडेआठशेच्या आसपास फिरतं. म्हणजे ट्रेलरचं छोटंसं बेअरिंग दीडपट काम करतं आणि तापतंही तितकंच. लांबच्या प्रवासाला दहा किंवा बारा इंची रिम घ्या, छोटी चाकं गावातल्या गावात ठीक.

एकचाकी ट्रेलरही मिळतात. ते मोटारसायकलबरोबर कलतात आणि तिच्याच रेषेत चालतात, पण त्यात सामान कमी मावतं. या लेखातलं बाकी सगळं दोनचाकी ट्रेलरबद्दल आहे.

हिच, बॉल आणि चेन

हिच मोटारसायकलच्या मुख्य फ्रेमला बोल्टने बसलेली हवी. नंबरप्लेटच्या पट्टीला किंवा बॅगांच्या कमानीला आधार घेतलेली हिच लावू नका. बसवल्यावर पहिल्या शंभर मैलांनी सगळे बोल्ट टॉर्क पाना लावून पुन्हा तपासा.

हिचवरच्या गोळ्याला बॉल म्हणतात आणि त्यावर बसणाऱ्या, ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाच्या वाटीला कपलर. बॉलचा आकार त्याच्या डोक्यावर कोरलेला असतो आणि कपलरवरही छापलेला असतो. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. १⅞ इंची बॉलवर २ इंची कपलर बसतो, खटकाही लागतो, वरून सगळं नीट दिसतं, आणि पहिल्या मोठ्या गचक्याला कपलर उडून निघतो. सेकंडहँड ट्रेलर घेतला असेल तर हे आधी बघा.

मोटारसायकल वळणावर कलते, ट्रेलर कलत नाही. म्हणून साधा मोटारचा कपलर चालत नाही, दांड्याभोवती पूर्ण फिरणारा कपलर हवा. गाडी आडवी पडली तरी ट्रेलर दोन चाकांवर उभा राहतो तो याच्याच जोरावर. जोडल्यावर गाडी बाजूच्या स्टँडवर कलती करून कपलर अडखळत नाही ना ते बघा. मग हँडल एका टोकाला पूर्ण वळवून गाडी हाताने पुढे ढकलत न्या आणि दांडा सायलेन्सर किंवा बॅगेपासून वीतभर लांब राहतो का ते तपासा.

सुरक्षा-चेन दोन हव्यात आणि दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या. डावी चेन उजव्या कडीला, उजवी डाव्या. कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यात रुतत नाही, चेनच्या झोळीत पडतो. पूर्ण वळणावर ताण येणार नाही इतकी चेन सैल ठेवा, पण रस्त्याला घासू देऊ नका.

दिवे

अमेरिकन ट्रेलरला सहसा चार तारांची चपटी पिन असते: पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्याची, पिवळी डाव्या बाजूची, हिरवी उजव्या बाजूची. पिवळ्या-हिरव्या तारांवर ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र चालतात. बहुतेक टूरिंग मोटारसायकलींवर मात्र ब्रेक आणि इंडिकेटर वेगळे असतात. पाच तारांचे चार करणारा कन्व्हर्टर मध्ये घातला नाही तर ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मरतो.

नव्या गाड्यांवर मूळ वायरिंगला थेट जोड देऊ नका. बॅटरीपासून स्वतःच्या फ्यूजची वेगळी तार आणा आणि रिलेचा आयसोलेटर बसवा, म्हणजे ट्रेलरच्या तारेत शॉर्ट झाला तरी गाडीचे दिवे चालू राहतात. अर्थिंगसाठी बॉलच्या धातूवर विसंबू नका. बॉलला ग्रीस असतं, गचक्याला संपर्क तुटतो आणि दिवे लुकलुकतात. पांढरी तार फ्रेमपर्यंत न्या. ट्रेलरला एलईडी दिवे असले तर अल्टरनेटरवर भार जवळजवळ येतच नाही.

टायर आणि बेअरिंग

टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नाही, उन्हात उभे राहून मरतात. नक्षी नवी दिसली तरी कडेला बारीक भेगा असतील तर बदला. कडेवर छापलेला हवेचा आकडा पूर्ण भारासाठी असतो. हलक्या ट्रेलरमध्ये तितकी हवा भरली तर तो चेंडूसारखा उडतो. ट्रेलर बनवणाऱ्याने दिलेला आकडा धरा आणि हवा टायर गार असतानाच मोजा.

वर्षातून एकदा बेअरिंग काढून, धुऊन, नवं ग्रीस भरा. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खटखट लागली तर निघू नका. सुटं बेअरिंग, एक सील आणि ग्रीसची छोटी नळी बरोबर असू द्या.

भरणं

नियम साधा आहे: भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा बॉलवर पडला पाहिजे. ट्रेलर १२० किलोंचा असेल तर बॉलवर १२ किलो. मात्र हिचवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर जायचं नाही.

हा दाब घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. सपाट जमिनीवर ट्रेलर प्रवासाला निघाल्यासारखा पूर्ण भरा. चाकांना पुढून-मागून विटा लावा. काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा, इतका उंच की त्यावर कपलर टेकवल्यावर दांडा मोटारसायकलच्या बॉलइतक्याच उंचीवर येईल. कपलर टेकवा, आकडा वाचा, ठोकळ्याचं वजन वजा करा. उंची जुळवायला आळस करू नका, दांडा चुकीच्या उंचीवर असला तर आकडा चुकतो.

एकूण वजनही त्याच काट्यावर निघतं. एका चाकाखाली काटा, दुसऱ्याखाली तेवढ्याच जाडीची फळी, कपलर ठोकळ्यावर. मग काटा आणि फळीची अदलाबदल करा. दोन चाकांचे आकडे आणि कपलरचा आकडा यांची बेरीज म्हणजे ट्रेलरचं वजन. दोन चाकांत चार-पाच किलोंपेक्षा जास्त फरक असेल तर सामान आडवं सरकवा.

आता माझ्या त्या दिवसाचं गणित. बॉलपासून ट्रेलरच्या आसापर्यंत १५० सेंटिमीटर. घरी येऊन मोजलं तर १२० किलोंच्या ट्रेलरचा बॉलवर दाब फक्त २ किलो होता. तांदळाची १० किलोंची पिशवी आसाच्या मागे ५० सेंटिमीटरवर होती, ती आसाच्या पुढे ३० सेंटिमीटरवर आणली. ८० सेंटिमीटर सरकली, म्हणून बॉलवर १० गुणिले ८० भागिले १५० म्हणजे ५.३ किलो वाढले. १२ किलोंचा कूलर ६० सेंटिमीटर पुढे आणला, आणखी ४.८ वाढले. एकूण १२.१ किलो. सामान तेच, ट्रेलर तोच, दोन वस्तू हातभर पुढे सरकवल्या आणि डुलणं थांबलं. वजन, अंतर आणि भागाकार, एवढं शाळेतलं गणित कागदावर मांडलं की अंदाजाने ढकलाढकली करावी लागत नाही.

भार मागे गेला की ट्रेलर का डुलतो? वाऱ्याचा किंवा खड्ड्याचा एक धक्का बसला की ट्रेलरचं शेपूट बाजूला जातं. भार आसाच्या पुढे असेल तर तो स्वतःच सरळ रेषेत येतो. मागे असेल तर शेपूट लंबकासारखं पलीकडे जातं आणि मोटारसायकलच्या मागच्या चाकाला खेचतं. एका वेगाच्या वर हे झोके कमी होण्याऐवजी वाढत जातात. म्हणूनच घराजवळच्या गल्लीत काही जाणवत नाही आणि हायवेवर जाणवतं.

धुरजड केलेलंही वाईटच. बॉल मागच्या आसाच्या बराच मागे असतो. समजा ६० सेंटिमीटर मागे आहे आणि दोन आसांमधलं अंतर १७० आहे. बॉलवरच्या १२ किलोंमुळे मागच्या चाकावर १६ किलोंहून जास्त भार येतो आणि पुढच्या चाकावरचा चारेक किलोंनी हलका होतो. त्यात मागे माणूस बसलेला आणि टॉप-बॉक्स भरलेला. पुढचं चाक हलकं झालं की हँडल सैल लागतं आणि पुढचा ब्रेक लवकर घसरतो. बॉलवरचा दाब गाडीच्या कमाल भारात धरायचा असतो, हे फार लोक विसरतात.

जड सामान खाली, आसाच्या वर आणि किंचित पुढे. तंबू, उशा, कपडे मागे आणि वर. सगळं पट्ट्यांनी बांधून घ्या, आत सरकणारा कूलर तुमचा हिशेब वाटेतच मोडतो. दांड्यावर कूलर बसवण्याची सोय असली तर लक्षात घ्या की त्याचं बहुतेक वजन सरळ बॉलवर येतं आणि पाणी पिऊन संपलं की कमीही होतं. ट्रेलरच्या मागच्या बाजूला सायकल किंवा पेट्रोलचा कॅन टांगू नका.

मोटारसायकलची तयारी

मागच्या टायरची हवा मॅन्युअलमधल्या पूर्ण भाराच्या आकड्याला आणा आणि मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवा. ट्रेलर जोडल्यावर दांडा समपातळीत किंवा नाक किंचित खाली हवं. ब्रेक पॅड अर्धे झिजले असतील तर निघण्याआधी बदला.

जोडायचा क्रम रोज तोच ठेवा: कपलर, खटका, खटक्याची पिन, चेन, तार, दिवे. शेवटी दांडा दोन्ही हातांनी वर ओढा. मोटारसायकलचं मागचं सस्पेन्शन उचललं गेलं पाहिजे. कपलर एकटाच वर आला तर तो बसलेलाच नाही.

रिकाम्या मैदानात अर्धा दिवस

रविवारी सकाळी मोठं रिकामं पार्किंग शोधा. आधी ट्रेलरशिवाय ताशी २० आणि ३० मैलांच्या वेगावरून ब्रेक मारून गाडी कुठे थांबते तिथे खडूने रेघ मारा. मग ट्रेलर भरून तेच करा. दोन रेघांमधलं अंतर डोळ्यांनी बघितल्यावर पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. छोट्या ट्रेलरला बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नसतात. दोघं बसलेल्या ५३० किलोंच्या गाडीमागे १२० किलो आले की जवळजवळ पाव पट जास्त वजन तेवढ्याच ब्रेकनी थांबवायचं असतं.

मग आठच्या आकड्यात फिरा. ट्रेलर नेहमी आतून वळण कापतो, तुम्ही खांबाला वळसा घातलात तरी त्याचं आतलं चाक खांबाला लागू शकतं. टेनिसचे जुने चेंडू अर्धे कापून ठेवा आणि त्यांना न चिरडता वळायला शिका. बायको किंवा मित्र मागे बसणार असेल तर शेवटचा तास त्यांना बसवून करा.

रिव्हर्सचा सराव करायची गरज नाही. आखूड दांड्याचा ट्रेलर मागे जाताना क्षणात दुमडतो. गोल्ड विंगला इलेक्ट्रिक रिव्हर्स असला तरी मी सोडवून हाताने ढकलतो. पेट्रोल पंपावर बाहेरच्या कडेचा पंप घ्या आणि समोरून निघता येईल अशीच गाडी उभी करा.

रस्त्यावर

पहिले दहा मैल हळू जा, मग थांबून सगळं पुन्हा बघा. कपलर, चेन, हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग), सामान.

पुढच्या गाडीपासून कमीत कमी चार सेकंद अंतर ठेवा, पावसात सहा. सगळं ब्रेकिंग वळणाआधी, गाडी सरळ असताना संपवा. वळणात कललेल्या गाडीवर ब्रेक दाबला की ट्रेलर मागचं चाक बाहेर ढकलतो.

ब्लू रिज पार्कवे हा डोंगरातला रस्ता ४६९ मैलांचा आहे आणि बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ४५ मैल आहे. ट्रेलर घेऊन फिरायला मला याहून चांगला रस्ता माहीत नाही. पण त्याच्याही लांब उतारांवर गिअर उतार सुरू व्हायच्या आधी खाली आणा आणि इंजिनलाच वेग धरू द्या. डील्स गॅप घाटातली ११ मैलांत ३१८ वळणं मात्र ट्रेलर सोडून करा. तिथली घट्ट वळणं ट्रेलर आतून कापतो आणि त्याचं चाक समोरच्याच्या लेनमध्ये जातं. ट्रेलर मुक्कामी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या गाडीने जा.

खड्डा चुकवण्याची सवय इथे बदलावी लागते. मोटारसायकलची एक रेघ आणि ट्रेलरच्या दोन, अशा तीन रेघा तुमच्यामागे असतात. तुम्ही खड्ड्याला बगल दिलीत की ट्रेलरचं चाक हमखास त्यात जातं. लांबून बघा आणि खड्डा कोणत्या दोन रेघांच्या मध्ये घ्यायचा ते ठरवा.

डुलायला लागला तर थ्रॉटल हळूहळू सोडा, हँडल सैल धरा, सरळ बघा. जोरात ब्रेक नको, उलटं वळवणं नको, वेग वाढवून ‘सरळ करणं’ तर अजिबात नको. थांबल्यावर सामान पुढे सरकवल्याशिवाय पुन्हा निघू नका. मोठा ट्रक ओलांडताना त्याच्या पुढच्या टोकाशी वाऱ्याचा फटका बसतो, तिथे आधीच तयार असा. ताशी ३५-४० मैलांचा आडवा वारा असेल तर मी त्या दिवशी मुक्काम वाढवतो.

थांबल्यावर

दर थांब्यावर हेल्मेट काढण्याआधी दोन्ही हबना हाताची पालथी बाजू लावतो. कोमट लागलं तर ठीक. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला तर त्याचं बेअरिंग जातंय. हात ठेवताच येईना तर पुढे एक मैलही जायचं नाही, तिथेच चाक उचलायचं. मग टायर, मग कपलरची पिन, मग चेन, शेवटी दिवे. या सगळ्याला तीन मिनिटं लागतात.

घरी आल्यावर ट्रेलर रिकामा करा, धुवा, आणि हिवाळ्यात ठेवताना आस ठोकळ्यांवर उचलून टायरवरचा भार काढा. टायरवर ऊन पडणार नाही असं झाका. कपलरमध्ये ग्रीस भरून वर प्लास्टिकची पिशवी बांधा. वसंतात पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा आधी काटा आणि ठोकळा काढा.